सावलीचे चौरस फूट

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये शहराचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या आराखड्यातल्या मोजणीनुसार २०१९ या एका वर्षात शहरातून सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे हरितगृह वायू बाहेर पडले, आणि त्यांपैकी ७२ टक्के वायू हे घरे, दुकाने, कार्यालये व कारखाने यांत वापरलेल्या विजेमुळे आणि इंधनामुळे होते; वाहतुकीचा वाटा २० टक्के होता आणि उरलेला कचऱ्याचा. रस्त्यावर धूर सोडणारी गाडी सर्वांना दिसते, पण इमारतीचा धूर तिच्या आसपास कुठेच दिसत नाही, कारण तो डहाणूच्या, तुर्भ्याच्या किंवा विदर्भातल्या एखाद्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघत असतो. शहराच्या हवामानविषयक चर्चेत वाहने पुढे आणि इमारती मागे राहिल्या, त्याचे एक कारण बहुधा हेच आहे.

इमारतीचा कार्बन दोन वाटांनी येतो. इमारत उभी राहिल्यानंतर तिच्यात दिवे, पंखे, एसी, लिफ्ट आणि पाण्याचे पंप चालवण्यासाठी जी ऊर्जा लागते, तिच्यामुळे होणारे उत्सर्जन हा वापरातला कार्बन. आणि ती उभी करण्यासाठी सिमेंट, सळई, काच, विटा तयार करताना व वाहून आणताना जे उत्सर्जन आधीच होऊन गेलेले असते, तो बांधकामातला कार्बन. भारतीय ग्रीडमधल्या एका युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे महिन्याला २५० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाचा वर्षाचा वाटा दोन टनांच्या थोडा पुढे जातो. हा आकडा कमी करायचा म्हटले की सामान्यतः बोलणे सुरू होते ते कोणता एसी घ्यावा, किती तारांकित घ्यावा, येथून. परंतु एसीला किती काम करावे लागणार आहे, हे एसी विकत घेण्याच्या कितीतरी आधी, वास्तुविशारदाच्या नकाशावर भिंत, खिडकी आणि छज्जा यांच्या रेघा मारल्या जातात तेव्हाच ठरून गेलेले असते.

कोकणपट्टीचे हवामान उष्ण आणि दमट आहे, आणि त्याचे नियम देशावरच्या हवामानापेक्षा वेगळे आहेत. पुण्याकडच्या किंवा सोलापूरकडच्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती दिवसभर ऊन पोटात साठवतात आणि रात्री गार हवा सुटली की ते सोडून देतात; तिथे दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक मोठा असल्याने ही युक्ती लागू पडते. मुंबईत मे महिन्यातल्या रात्रीही पारा फारसा उतरत नाही, म्हणून साठवलेली उष्णता बाहेर टाकायला भिंतीला उसंतच मिळत नाही. अशा ठिकाणी दोनच उपाय खरे कामाचे ठरतात: भिंतीवर आणि काचेवर ऊन पडूच द्यायचे नाही, आणि घाम वाळेल इतका वारा खोलीच्या एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर सोडायचा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या पुढे आलेल्या बल्कांवांपासून, म्हणजे छपराखालच्या ओसऱ्यांपासून, गिरगावातल्या चाळींच्या लांब गॅलऱ्यांपर्यंत या किनाऱ्यावरच्या बांधकामाने हेच दोन उपाय निरनिराळ्या रीतींनी वापरले आहेत.

अशा उपायांनी माणसाला पुरेसे सुख मिळते का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे मोजमाप झालेले आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशातल्या पाच प्रकारच्या हवामानांमधील कार्यालयांत सहा हजारांहून अधिक प्रतिसाद नोंदवून भारतीयांच्या सुसह्य तापमानाचे एक सूत्र तयार केले, आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने ते स्वीकारले. त्या सूत्रानुसार बाहेरची महिनाभराची सरासरी २८ अंशांच्या आसपास असेल, तर उघड्या खिडक्यांच्या इमारतीतल्या माणसाला आतले २८ अंशही सुखाचे वाटतात, कारण शरीर भोवतालच्या ऋतूशी जुळवून घेते. कार्यालये २२ अंशांवर गोठवण्याची प्रथा शरीराच्या गरजेतून आलेली नाही, हे यावरून स्पष्ट होते. उष्म्याच्या लाटांचे दिवस वेगळे. तेव्हा एसी अनेकांसाठी जीवरक्षक ठरतो आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण ते दिवस वगळता वर्षाचे जे दिवस उरतात, त्यांत पंखा आणि सावली एवढ्यावर भागावे अशी इमारत बांधता येते.

उंच इमारतीत हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कंबाला हिलवरील कांचनजंगा ही चार्ल्स कोरिया यांची १९८३ मध्ये पूर्ण झालेली २८ मजली इमारत बारकाईने पाहावी. मुंबईत समुद्राचा वारा आणि मोकळे दृश्य पश्चिमेला मिळते, पण दुपारचे तिरपे ऊन आणि पावसाचा मारा हेही त्याच बाजूने येतात. जुन्या बंगल्यांनी मुख्य खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळून हा पेच सोडवला होता, आणि कोरियांनी तोच व्हरांडा ८४ मीटर उंचीच्या इमारतीत वर नेला. इमारतीच्या चौकोनाचे कोपरे कोरून काढून तिथे दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या आहेत. ऊन आणि पाऊस त्या गच्चीतच अडतात, आणि मागच्या खोलीत येतो तो फक्त वारा व निवळलेला प्रकाश. ही श्रीमंतांची इमारत आहे, तिच्यात अवघ्या ३२ सदनिका आहेत, हे खरेच. तरीही तिच्यातली कल्पना पैशाची नसून भूमितीची आहे.

ही कल्पना शहरभर का पसरली नाही, याचे उत्तर वास्तुशास्त्रापेक्षा चटई क्षेत्राच्या हिशेबात अधिक सापडते. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एफएसआय, हा मुंबईतल्या बांधकामाचा श्वास आहे. पूर्वीच्या नियमांत बाल्कनीला ठरावीक मर्यादेत या मोजणीतून सूट होती, आणि शुल्क भरून ती बंद करून घेण्याची मुभाही होती; त्यामुळे सावलीसाठी दिलेल्या बाल्कन्या भराभर खोल्यांत मिसळून गेल्या, आणि बाहेरच्या भिंतीवर ऊन थेट पडू लागले. या सवलतींचा गैरवापर थांबवण्यासाठी जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले गेले आणि बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे, कोनाडे हे सारे एफएसआयमध्ये मोजले जाऊ लागले. त्याची भरपाई म्हणून निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे कुठेही वापरता येण्याजोगे, क्षेत्र दिले गेले. गैरव्यवहार रोखण्याच्या दृष्टीने हा बदल योग्य होता, पण त्याचा एक परिणाम असा झाला की बाल्कनीचा चौरस फूट आणि दिवाणखान्याचा चौरस फूट यांची किंमत सारखीच झाली, आणि ज्या शहरात माणसे आयुष्यभर हप्ते भरून चौरस फूट विकत घेतात, तिथे सावलीसाठी चौरस फूट खर्च करायला कोणीच तयार होईना. खोल छज्जा, व्हरांडा आणि जाळी यांना एफएसआयच्या बाहेर ठेवून ती कधीही बंद करता येणार नाहीत अशी पक्की अट घालणे, ही कमी खर्चाची आणि दीर्घकाळ टिकणारी हवामान-उपाययोजना ठरेल.

भिंतीचेही असेच झाले आहे. मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये विटांचे बांधकाम मागे पडून मायवन पद्धती रूढ झाली आहे. तिच्यात ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंत आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने ओतले जातात, त्यामुळे मजले झपाट्याने चढतात आणि गिलाव्याचा खर्च वाचतो. पण १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीतून जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतीच्या दुपटीच्या आसपास, आणि २०० मिलिमीटर जाडीच्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेचे सूक्ष्म बुडबुडे असलेल्या हलक्या ठोकळ्याच्या, भिंतीच्या जवळपास पाचपट उष्णता आत येते. पश्चिमेच्या बेडरूमची भिंत रात्री अकरा वाजता हाताला गरम लागते ती यामुळे: दुपारी काँक्रीटने घेतलेली उष्णता झोपेच्या वेळी आत पोचते. अशा भिंतीवर बाहेरून उष्णतारोधक थर देता येतो किंवा ती सावलीत ठेवता येते. दोन्ही गोष्टी नकाशाच्या टप्प्यावर स्वस्त असतात आणि तीस मजले चढल्यावर जवळजवळ अशक्य होतात.

काच हा त्याहून अवघड विषय आहे, कारण तिच्याभोवती प्रतिष्ठेचे वलय आहे. साध्या पारदर्शक काचेतून तिच्यावर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेपैकी सुमारे ८० टक्के आत येते, आणि लेप दिलेल्या चांगल्या काचेत हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास आणता येते. तरीही सर्वोत्तम काचसुद्धा सावलीतल्या भिंतीची बरोबरी करू शकत नाही. थंड देशांत दिवाळखोरीत न जाता घर उबदार ठेवण्यासाठी सूर्य आत घेणे हा शहाणपणा असतो. अंधेरीत किंवा लोअर परळमध्ये तीच गोष्ट वर्षभर वीज जाळून भरून काढावी लागते.

या सर्वांचा एकत्रित हिशेब मांडण्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. इमारतीच्या बाहेरच्या कवचातून, म्हणजे छत वगळून भिंती आणि खिडक्यांमधून, प्रत्येक चौरस मीटरमागे सरासरी किती वॅट उष्णता आत येते, हे सांगणारे एक मूल्य तिच्यात काढावे लागते. त्याला आरईटीव्ही म्हणतात आणि उष्ण हवामानांत ते १५ च्या आत ठेवण्याची अट आहे. हिशेब एका तक्त्यात मावतो आणि नकाशा काढणाऱ्या कोणत्याही कार्यालयाला तो जमण्यासारखा आहे. पण बांधकाम हा राज्याचा आणि महापालिकांचा विषय असल्याने, स्थानिक नियमावलीत समाविष्ट होईपर्यंत अशी संहिता कागदावरच राहते, आणि व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये आलेल्या ऊर्जा संवर्धन संहितेचा अनुभवही हेच सांगतो.

इको निवास संहितेत खिडकीविषयी असलेले एक कलम सर्वसामान्य वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. उष्ण-दमट प्रदेशात खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश इतका भाग उघडणाऱ्या खिडक्यांचा असावा, असे ते सांगते. १२० चौरस फुटांच्या खोलीला म्हणजे २० चौरस फूट. आता मुंबईतली सर्रास वापरली जाणारी दोन ट्रॅकची ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडकी घेतली, तर एक पल्ला दुसऱ्यामागे सरकतो, आणि म्हणून तिचा अर्धाच भाग एका वेळी उघडा राहू शकतो. वीस चौरस फुटांची खिडकी दिसते, हवा येते ती दहा चौरस फुटांतून. जुन्या लाकडी खिडकीचे दोन्ही पल्ले पूर्ण उघडत आणि तिच्या आडव्या झडपांमुळे पावसातही वारा आत येई. बिजागरीची खिडकी आजही बनते, तिला ग्रिलच्या बाहेर उघडायला जागा ठेवावी लागते, एवढेच.

ज्यांच्या घरात एसी नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न विजेच्या बिलाहून मोठा आहे. गोवंडी-मानखुर्द परिसरातील नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये काही इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. तेथील खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि या वसाहतींच्या अभ्यासात अशा घरांचा आणि क्षयरोगाच्या प्रमाणाचा संबंध आढळून आला. भर दुपारी दिवा लावावा लागणे, पंखा अखंड चालवावा लागणे आणि खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत किंवा कचऱ्याची गल्ली येणे, या तिन्ही गोष्टी एकाच नकाशातून निघतात. पुनर्वसनाच्या इमारतींना अंतराच्या नियमांत दिलेली सूट घरांची संख्या वाढवते हे मान्य केले, तरी त्या सुटीची किंमत तिथे राहणाऱ्यांनी फुप्फुसांनी मोजावी, हे न्याय्य म्हणता येणार नाही. ऊर्जा-कार्यक्षम इमारत ही श्रीमंतांची हौस आहे या समजाला उत्तर द्यायचे असेल, तर ते अशाच वसाहतींच्या नकाशांत द्यावे लागेल.

बांधकामातल्या कार्बनचा विचार पुनर्विकासाच्या संदर्भात टाळता येत नाही. ठेकेदारांमध्ये रूढ असलेला ढोबळ ठोकताळा असा की साध्या आरसीसी इमारतीला चौरस फुटामागे ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलो सळई लागते. उंच टॉवरमध्ये त्याहून जास्त. या हिशेबाने ६०० चौरस फुटांच्या बांधकामात १२ टन सिमेंट आणि २.४ टन पोलाद जाते. एक टन सिमेंटमागे सुमारे ६०० किलो आणि भारतीय पोलादाच्या एका टनामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर त्या एका घरात कोणी राहायला येण्याआधीच सुमारे १३ टन उत्सर्जन झालेले असते, म्हणजे वर उल्लेखिलेल्या कुटुंबाच्या जवळपास सहा वर्षांच्या विजेइतके. वरळीच्या बीडीडी चाळीतील कुटुंब १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाते तेव्हा हे उत्सर्जन सर्वस्वी समर्थनीय आहे. शंभर वर्षे वाट पाहिलेल्यांना कार्बनचा हिशेब ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु उपनगरांतल्या तीस-पस्तीस वर्षांच्या, दुरुस्तीने टिकू शकणाऱ्या इमारती केवळ वाढीव एफएसआयसाठी पाडल्या जातात, तेव्हा त्यांच्यात गुंतलेला कार्बन राडारोड्याबरोबर डंपरमध्ये जातो आणि तेवढाच पुन्हा नव्याने सोडला जातो.

सिमेंटमधला कार्बन केवळ भट्टीच्या कोळशातून येत नाही. चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजून क्लिंकर बनवताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनाचा निम्म्याहून मोठा भाग हा असतो. त्यामुळे क्लिंकरचे प्रमाण घटवणे हाच मुख्य मार्ग उरतो. बाजारात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटमध्ये औष्णिक केंद्रांची राख मिसळलेली असते, पण कोळशाची केंद्रे जसजशी कमी होतील तसतशी ही राखही दुर्मीळ होईल. तिला पर्याय म्हणून स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ आणि दिल्ली, मद्रास, मुंबई येथील आयआयटी यांच्या सहकार्यातून एलसी-३ हे सिमेंट विकसित झाले. त्यात निम्मे क्लिंकर असते आणि बाकी भाग मुख्यतः भाजलेली चिकणमाती व न भाजलेली चुनखडी यांचा. चिकणमाती सुमारे ८०० अंशांवरच भाजली जाते, म्हणून उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटते, आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने या सिमेंटचे मानकही प्रसिद्ध केले आहे.

उपकरणांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिथला मार्ग बऱ्यापैकी स्पष्ट झालेला आहे. जुना पंखा ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणारा एक पंखा बदलला तर वर्षाला सुमारे २०० युनिट आणि १४० किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. एसीचे तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगते, आणि जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात. कमी बोलला जाणारा भाग आहे तो एसीतल्या वायूचा: आर-४१०ए या शीतकाचा एक किलो हवेत निसटला, तर तो दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक असतो, त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी गॅस उघड्यावर न सोडता परत काढून घेणारा कारागीर हा हवामानाच्या दृष्टीने मोलाचा माणूस आहे. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकासमोर एक टांगलेली एसीची बाहेरची युनिटे एकमेकांवर गरम हवा फेकतात आणि सर्वांचेच बिल वाढवतात. या युनिटांची जागाही नकाशावरच ठरवायला हवी.

सौरऊर्जेकडून उंच शहराने किती अपेक्षा ठेवावी, हे साध्या गणिताने कळते. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली वगळून गच्चीवर २,५०० चौरस फूट मोकळे असतील, तर तिथे २५ किलोवॅटचे पॅनेल बसते आणि वर्षाला ३५,००० युनिटच्या आसपास वीज मिळते. सात मजल्यांच्या २८ घरांच्या सोसायटीत ती प्रत्येक घराला पाच महिने पुरेल इतकी होते. तीच गच्ची ४० मजल्यांच्या १६० घरांवर असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला एका महिन्याचीही वीज येत नाही. सामायिक दिवे, लिफ्ट आणि पंप यांसाठी मात्र ती दोन्हीकडे उपयोगी आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. पॅनेलखालची गच्ची सावलीत येते आणि वरच्या मजल्याचा ताप कमी होतो, हा फायदा कोणी बिलात मोजत नाही. उरलेल्या गच्चीवर विटांच्या कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकच्या कपच्या बसवण्याची जुनी मुंबईची रीत आहे. गळती थांबवण्यासाठी आलेली ही रीत ऊनही परतवते.

उभ्या असलेल्या इमारतींमध्येही पुष्कळ करता येते. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या नूतनीकरणात ६,५१४ खिडक्या इमारतीतच एका मजल्यावर उघडून, मध्ये पातळ पडदा बसवून पुन्हा लावल्या गेल्या, आणि उष्णतेचा भार घटल्यामुळे शीतयंत्रणा मोठी करण्याचा बेत रद्द करून जुनीच सुधारून वापरता आली. आधी भार कमी करायचा आणि मग यंत्र निवडायचे, हा त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. त्याच शहराने २०१९ मध्ये २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा घालणारा कायदा केला, आणि मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड ठरवला. मुंबईत फोर्टमधल्या १९७२ सालच्या गोदरेज भवनाची वातानुकूलन यंत्रणा २०१० मध्ये बदलण्यात आली आणि तिचा खर्च पाच वर्षांच्या आत विजेच्या बचतीतून निघेल असा हिशेब मांडला गेला.

निवासी इमारतींत मात्र खर्च करणारा एक आणि बिल भरणारा दुसरा असतो: बांधकाम व्यावसायिक सदनिका विकून निघून जातो आणि पातळ भिंतीचे बिल पुढची पन्नास वर्षे रहिवासी भरत राहतात. यावर रहिवाशांच्या हातात असलेला एक प्रसंग म्हणजे सोसायटीचा पुनर्विकास. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालील मार्गदर्शक सूचनांनुसार सल्लागार नेमला जातो, व्यवहार्यता अहवाल सर्वसाधारण सभेपुढे येतो आणि विकासकाशी करार होतो. त्या करारात वाढीव कार्पेट, कॉर्पस फंड, ट्रान्झिट भाडे, फरशीचा ब्रँड आणि नळांची कंपनीसुद्धा लिहिलेली असते. आरईटीव्हीचा तक्ता, पश्चिमेच्या भिंतीचे साहित्य, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या, छज्ज्याची खोली आणि सिमेंटचा प्रकार ही पाच कलमे त्याच परिशिष्टात एका पानावर मावतात, आणि ती घालून घेण्याची वेळ महापालिकेकडे नकाशे सादर होण्यापूर्वीची असते, कारण आयओडी, म्हणजे महापालिकेची प्राथमिक बांधकाम परवानगी, हाती पडल्यानंतर भिंतीची जाडी बदलणे म्हणजे सुधारित नकाशे, नवी छाननी आणि वाढलेले भाडे, आणि तेव्हा सभेत त्या बाजूने हात वर करणारे फार थोडे उरतात.